नदीची वही

फार जुनी गोष्ट. नदीच्या अलीकडे एक गाव होतं आणि पलीकडे एक ताई होती.

ताई मूळची अलीकडचीच. पण लग्न झालं आणि पलीकडच्या पाथरवटांच्या घरी गेली. तशी काही लांब नाही. उन्हाळ्यात नदी पायांनी ओलांडता यायची, पोरं मधल्या दगडांवर बसून बोरं खायची. पण पावसाळा लागला की नदी अशी फुगायची, की चार-पाच महिने इकडचं माणूस इकडे आणि तिकडचं तिकडे. नाव घालायची तर धार पार वाहून न्यायची. मग लेकी-सुना, मामा-आत्या सगळे दिवाळीची वाट बघत. तोवर पाणी ओसरायचं, उतार, म्हणजे नदीतली उथळ वाट, उघडायचा आणि गाड्या अलीकडे यायच्या.

तोवर काय करायचं? तर बाजाराच्या दिवशी दोन्ही काठांवर माणसं जमायची आणि निरोप ओरडून सांगायची. साधा आवाज पोचायचा नाही, म्हणून दोन्हीकडे एकेक हाळी देणारा होता. अलीकडचा तात्याबा. ह्याचा आवाज असा, की त्याची बायको म्हणायची, "घरात नुसतं मीठ मागतो, तरी फळीवरची भांडी खाली येतात."

"ओ पलीकडचे! गोदाक्काच्या लेकीला सांगा, म्हैस व्याली हो! रेडा झाला!"

तिकडून लेकीचं उत्तर यायचं, "आईला सांगा, सासूचे गुडघे धरलेत! आणि मागच्या वर्षीचं लोणचं खारट होतं!"

सगळं गाव ऐकायचं आणि गोदाक्का पदर तोंडाला लावायची.

ताईची धाकटी बहीण होती सोनकी. ती दर बाजाराला काठावर जायची. पलीकडे हिरवं लुगडं दिसलं की ती ताई. ताई हात हलवायची, ही हात हलवायची. निरोप यायचा तो तिकडच्या हाळीवाल्याच्या घोगऱ्या आवाजात, "सोनकीला सांगा, नीट जेवत जा!" आता ताईचं बोलणं दाढीवाल्या बाप्याच्या आवाजात ऐकून कुणाचं मन भरतं का? घरी येऊन सोनकी डोळे मिटायची आणि ताईचा आवाज आठवून बघायची. पहिल्यांदा यायचा. मग मग येईनासा झाला.

त्या वर्षी शाळेत नवे पंतोजी आले. पाठांतराचा त्यांना कंटाळा. पहिल्याच दिवशी म्हणाले, "प्रत्येकाने एक गोष्ट निवडायची आणि रोज बघायची. बघाल ते वहीत लिहायचं. ही शास्त्राची वही."

जनीने भोपळ्याचा वेल निवडला. कुणी मुंग्या घेतल्या, कुणी चंद्र. खंडू म्हणाला, "पंतोजी, आमचे आजोबा शिंकतात ते चालेल?"

सगळी पोरं हसली. पंतोजी हसले नाहीत. "चालेल की. पण कधी शिंकतात, चुलीपाशी का अंगणात, तेही लिही."

सोनकी म्हणाली, "मी नदी."

का, ते पंतोजींनी विचारलं नाही. गावात ते कुणाला ठाऊक नव्हतं?

मग पंतोजींनी वही कशी मांडायची ते सांगितलं. पहिलं पान कोरं ठेवा, पुढे कुठे काय आहे ते तिथे लिहायचं, म्हणजे शोधताना जीव जात नाही. लिहायच्या आधीच सगळ्या पानांवर आकडे घाला, म्हणजे एखादं पान फाटलं तर वही स्वतःच बोलेल. दिवसाची तिथी वर. डावीकडच्या पानावर फक्त डोळ्यांनी पाहिलं ते. उजवीकडच्या पानावर मनाला वाटलं ते.

"दोन्ही एकाच पानावर लिहिलं तर?" जनीने विचारलं.

"तर महिन्याभराने तुलाच कळणार नाही, वेल वाढला होता का तुला वाटला होता."

"आणि चुकलं तर खोडायचं?"

"आडवी रेघ मारायची. एकच. खालचं वाचता आलं पाहिजे. आणि जिथे बघाल तिथेच लिहायचं. पाटीवर कच्चं, घरी जाऊन पक्कं, असलं नको. कच्चं-पक्कं करताना मधेच मन हात मारतं."

पोरांना हे जरा जड गेलं. त्या शाळेत आजवर पाटीवर लिहायचं, पुसायचं आणि वहीत सुंदर उतरवायचं अशीच रीत होती. जिची वही सुंदर तिला शाबासकी. आणि सोनकीचं अक्षर तर मोत्यासारखं. ते ताईने नदीच्या ओल्या वाळूत बोट धरून गिरवून घेतलेलं. आईने तिला जाड कागद दुमडून, लाल दोऱ्याने शिवून वही करून दिली. सोनकीच्या मनात आलं, ताई दिवाळीला येईल तेव्हा ही वही तिच्या मांडीवर ठेवायची. म्हणून तिने ठरवलं, ह्या वहीत एकही रेघ मारायची नाही.

पंतोजींनी काठालगत पाण्यात एक लांब बांबू रोवून दिला. बांबूला पेरं असतातच. खालून मोजायची. पाणी तिसऱ्या पेराच्या खाली गेलं की उतार उघडला, बैलगाडी सुखरूप येते, हे जुन्या गाडीवानांनी खात्रीने सांगितलं.

सोनकी रोज सकाळी जायची. दगडावर बसायची, बघायची, तिथेच लिहायची. डावीकडे, 'पाणी आठव्या पेरावर. गार. वाळू दिसत नाही.' उजवीकडे, 'ताई आत्ता चूल पेटवत असेल.' पुढे पाणी सातावर आलं, सहावर आलं. पान असं देखणं दिसायला लागलं, जशा देवळाच्या पायऱ्या. एकेक पायरी खाली, खाली, थेट ताईच्या हातापर्यंत.

इतक्यात बाजाराच्या दिवशी पलीकडून हाळी आली. "सोनकीच्या आईला सांगा! दूरच्या देशी राजाने घाट बांधायला बोलावलंय! दिवाळीचा पाडवा झाला की सगळं बिऱ्हाड निघणार! काही वर्षं तिकडेच!"

आईने ऐकलं आणि काठावरच बसली. सोनकी म्हणाली, "काही वर्षं म्हणजे किती गं?"

"घाट बांधून होईल तोवर."

"किती मोठा घाट?"

आई लुगड्याची वाळू झटकत उठली. घरी जाताना म्हणाली, "पाडव्याच्या आत यायला पाहिजे पोरगी. एकदा तरी."

त्यानंतर सोनकी नदीकडे बघायची ती नुसती बघायची नाही, विनवायची. पाचावर आलं, चारावर आलं. आणि मग एके सकाळी ती गेली तर पाणी तांबडं झालेलं. आदल्या संध्याकाळी डोंगराच्या बाजूला आभाळ काळं होतं, गावात थेंब नव्हता. पाण्यावर काड्याकुड्या वाहत होत्या. आणि तिच्या डोळ्यांदेखत पाणी चौथ्या पेरावरून पाचव्यावर चढलं.

सोनकीने बोरू शाईत बुडवला आणि हात थांबला. एवढी पायऱ्यांची ओळ, त्यात मधेच एक पायरी वर? कशी दिसेल? आणि लिहिलं तर जसं काही खरंच होईल. नदी पुन्हा चढते असं पंतोजी म्हणतील, पाटील ऐकतील, आई ऐकेल. तिने नदीकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. डावीकडच्या पानावर तिने लिहिलं, 'पाणी चौथ्या पेरावर.' तांबड्या रंगाचं लिहिलं नाही, काड्यांचंही नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी खरंच चारावर आलं. सोनकीने सुस्कारा टाकला. झालं की! एका दिवसाचं तर होतं. पुढे तीन झालं, आणि एका सकाळी बांबूचं तिसरं पेर सबंध कोरडं दिसलं.

उतार उघडला! सोनकी पळतच गावात गेली. पाटील आले, पंतोजी आले, गाडीवान आले. पाटलांनी वही हातात घेतली आणि पानावरून बोट खाली खाली नेलं. "वा! ह्याला म्हणतात काम. आठ, सात, सहा, पाच, चार, चार, चार, तीन, आणि आता दोन. नदी उतरतच चाललीय. एकदाही मागे वळली नाही. मग घाई कशाला? पाडव्याच्या सकाळी सगळ्या लेकी एकदमच येऊ देत. वाजंत्री लावू, तोरण बांधू!"

सगळ्यांना पटलं. बायका म्हणाल्या, घरं सारवायची राहिलीत, बरं झालं. आई म्हणाली, "तेवढ्यात माझ्या करंज्या होतील. खोबऱ्याच्या. थोरलीला त्याच लागतात."

सोनकीला ते तांबडं पाणी आठवलं. ती हळूच म्हणाली, "पाटीलबाबा, आजच बोलवू या ना."

"का गं पोरी?"

आता काय सांगणार? नदी मागे वळते, मी पाहिलंय, असं म्हणावं तर वहीत कुठंय? सोनकी म्हणाली, "असंच."

"असंच!" पाटील हसले. "बहिणीची ओढ आहे म्हणा की. थोडी कळ काढ."

पंतोजींनी मात्र तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

तात्याबाने हाळी दिली, "पाडव्याला या हो!" पलीकडे हिरवं लुगडं उड्या मारताना दिसलं.

मग काय सांगू, उतार रोज उघडा आणि नदी रोज रिकामी. पाणी इतकं थोडं, की शेळ्या जाऊन येत होत्या. पण बोलावणं पाडव्याचं; त्याआधी लेकीने यायचं नाही आणि इकडच्यांनी आगंतुक जायचं नाही, अशी रीत. सोनकी काठावर बसायची आणि शेळ्यांचा हेवा करायची. इकडे घर सारवून झालं, आईने ताईची चादर उन्हात घातली, उशी झटकली. करंज्यांचा डबा भरला आणि सोनकीला म्हणाली, "हात लावशील तर बघ. पहिली तिची."

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी डोंगराच्या बाजूला आभाळ काळं झालं. गावात चांदणं होतं. कुणी लक्ष दिलं नाही. सोनकीने पाहिलं आणि ती अर्ध्या ताटावरून उठली.

सकाळ झाली. सगळं गाव काठावर. वाजंत्री, तोरणं, नव्या टोप्या. पलीकडे गाड्यांची रांग, बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावलेला, आणि सगळ्यात पुढच्या गाडीत हिरवं लुगडं. मांडीवर काहीतरी गुंडाळलेलं. बाळ होतं ते! ताईला बाळ झालं होतं. ते हाळीतून सांगायचं नाही, समोर आणून दाखवायचं, असं तिने ठरवलेलं.

सोनकीने पाण्याकडे पाहिलं. पाणी अजून दुसऱ्याच पेरावर. पण रंग तांबडा. आणि एक काडी आली, तिच्यामागून एक हिरवी फांदी आली.

पुढचा बैल पाण्यात उतरला.

सोनकीच्या मनाने तिला सांगितलं, गप्प बस. येईल ती. पाणी चढायच्या आत येईल. किती लांब आहे? एवढंसं तर आहे. तुझ्या गळ्यात पडेल, तुझं नाव घेईल, तिच्याच आवाजात. बोललीस तर आता जाईल ती, आणि मग कधी?

दुसरा बैलही उतरला.

"तात्याबा!" सोनकी किंचाळली. "थांबवा त्यांना! पाणी चढणार!"

"काय खूळ लागलं का? सणाचा दिवस आहे," एक बाई म्हणाली.

पाटलांनी वही उघडली. "अगं, ह्यात तर नदी एकदाही चढलेली नाही."

"चढली होती! तांबडं पाणी आलं आणि चढली. मी पाहिलं. मी ते लिहिलं नाही. मी खोटं लिहिलं, पाटीलबाबा! हाळी द्या हो!"

पाटील पानं उलटायला लागले. पण तात्याबाने विचारपूस केली नाही. त्याने छाती भरून घेतली आणि जन्मात दिली नव्हती अशी हाळी दिली, "मागे! गाडी मागे! पाणी येतंय!"

गाडीवानाने कासरे ओढले. बैल बिचकले, चाक रुतलं, चार माणसांनी पाण्यात उड्या टाकून गाडी मागे रेटली. अलीकडे लोक कुजबुजायला लागले. पाणी तर जिथल्या तिथं आहे, पोरीने सण नासवला, हिला काय कळतं. सोनकी बांबूकडे बघत उभी होती. नदी चढू नये असं तिला वाटत होतं, आणि चढली नाही तर आपण ताईला उगाच परतवलं असंही वाटत होतं.

मग लांबून आवाज आला, जसं कुणी मोठं जातं ओढतंय. वळणावरून पाणी आलं. तिसरं पेर गेलं. चौथं गेलं. गाडी जिथे उभी होती तिथून एक ओंडका गेला, गरगर फिरत. वाजंत्री थांबली. मघाशी बोललेली बाई खाली बसली आणि तिने आपल्या पोराला पोटाशी धरलं.

पाणी त्या दिवशी उतरलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पाथरवटांचं बिऱ्हाड बांधून तयार होतं, राजाची माणसं खोळंबली होती. त्या पाडव्याला ऊन कलेपर्यंत ताई काठावर उभी राहिली. तिने बाळ दोन्ही हातांनी उंच धरलं. आईने करंज्यांचा डबा तसाच उंच धरला, वेड्यासारखा, जसं काही तिकडे दिसणारच होतं आत काय आहे ते. ताईने तोंड उघडून काहीतरी म्हटलं. तात्याबाने कानावर हात धरला आणि मान हलवली. पाण्याचा आवाज फार होता.

मग गाडी वळली. हिरवा ठिपका झाडांत गेला.

सोनकी वही घेऊन पाण्याजवळ गेली. पंतोजी मागोमाग आले.

"टाकणारेस का?"

"ते पान फाडते."

"पानांवर आकडे आहेत."

"मग काय करू?" सोनकी रडायला लागली. "मी बोलले नसते तर ती बुडाली असती. आणि त्या दिवशी लिहिलं असतं तर—"

ते वाक्य पाटलांनी मागून पुरं केलं, आणि त्यांचा आवाज पडला होता, "तर मी म्हटलं असतं, नदीचा भरवसा नाही, उतार आहे तोवर आजच्या आज या. शेळ्या जात होत्या तेव्हा लेकी आल्या असत्या."

सोनकीने वही उघडली. 'पाणी चौथ्या पेरावर' ह्यावर एक आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, 'पाचव्यावर. आदल्या संध्याकाळी डोंगरावर काळं. सकाळी तांबडं, काड्या. मग चढलं.' पान काही देखणं राहिलं नाही. पंतोजींनी ते पान वाचलं. म्हणाले, "सगळ्या वहीत गावाच्या कामाचं असं हेच आहे बघ."

सोनकीने वही सोडली नाही. एक भरली की आईने दुसरी शिवून दिली. तिच्या वहीत आता रेघा असत, चिखलाची बोटं असत, चढलेले दिवस असत. पुढल्या वर्षी पाणी तिसऱ्या पेराखाली गेलं, तशी ती पाटलांकडे गेली आणि म्हणाली, "आज डोंगर स्वच्छ आहे. आजच बोलवा. उद्याचं मला सांगता येत नाही."

ना वाजंत्री, ना तोरण. घरं अर्धी सारवलेली, बायकांचे हात शेणाचे. तशात गाड्या आल्या. जनीची आत्या उतरली, गोदाक्काची लेक उतरली, आणि शेणाच्याच हातांनी गळाभेटी झाल्या. सगळ्या काठावर नुसता गलका. गोदाक्काची लेक तिकडची नवखी जाऊबाई बरोबर घेऊन आली होती. तिने बांबूपाशी गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या सोनकीला विचारलं, "तुझं कोण आलं गं ह्यात?"

"माझं यायचंय अजून," सोनकी म्हणाली, आणि वाकून पाण्याकडे बघत तिने आजचं पेर लिहिलं.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: जीव जिकडे ओढ घेतो तिकडे डोळ्यांना नेऊ नये, पाहिलं ते पाहिलं तसंच लिहावं, कारण त्याच कागदावर पाय ठेवून आपलं माणूस आपल्याकडे येत असतं.